शिवाराची नावे आणि उपग्रहाचा नकाशा

सात-बाराच्या उताऱ्यावर भूमापन क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र व आकार यांच्या जोडीला ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक लहानसा रकाना छापलेला असतो. पुष्कळशा उताऱ्यांवर तो कोराच आढळतो. तलाठ्यास त्याची गरज पडत नाही, कारण क्रमांकाने शेत सापडते. खातेदारासही पडत नाही, कारण ते नाव त्याला पाठ असते. हा कोरा रकाना आणि गेल्या अर्धशतकात उपग्रहचित्रांच्या साहाय्याने तयार झालेले पाणलोटाचे नकाशे यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. तो आहे, आणि पाणी कोठे अडवावे व कोठे जिरवावे या अगदी व्यवहारी प्रश्नाशी तो निगडित आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. लेखक भूगोलाचा किंवा भूजलशास्त्राचा अभ्यासक नाही. शब्द हा त्याचा विषय. तेव्हा नकाशाच्या तांत्रिक बाजूविषयी येथे जे येईल ते शब्दांकडे जाण्याच्या वाटेवरचे समजावे.

या कथेचा आरंभ उपग्रहापासून करता येत नाही. उपग्रहाचे चित्र ज्या चौकटीवर बसवावयाचे ती चौकट अव्वल इंग्रजीत आखली गेली. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकू लागला. हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. लॅम्बटन व त्याच्यामागून आलेला एव्हरेस्ट यांच्या मोजणीचा विषय पृथ्वीचा आकार व स्थळांचे अंतर हा होता. पाणी हा नव्हता. गंमत एवढीच की, एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे पाहत जाणारी ही मोजणी पुष्कळदा पाण्याच्या वाटण्या होतात त्या माथ्यांवरूनच गेली. ‘माथा ते पायथा’ हे आजच्या पाणलोट विकासाचे सूत्र आहे. त्यातला माथा प्रथम नकाशावर आला. पायथ्यास बराच काळ लागला.

पायथ्याची मोजणी महसूल खात्याने केली. मुंबई इलाख्यात प्रिंगल याने पुणे प्रांतात केलेली पहिली आकारणी निव्वळ उत्पन्नाच्या कागदी हिशेबावर उभारलेली होती व ती फसली. त्यानंतर १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. तालुका इंदापूर, म्हणजे पुणे जिल्ह्यातील अवर्षणाचा टापू, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेहतीस फुटी साखळीने शेत मोजावयाचे (त्या साखळीचा चौरस म्हणजे बरोबर एक गुंठा), शेताचे कल्पित चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनात जमीन उकरून मातीची खोली व रंग पाहावयाचा, आणि जमिनीत दोष असतील तर त्यांच्या खुणा करून प्रत कमी करावयाची, अशी ती रीत होती. संयुक्त अहवालाने असे सात दोष सांगितले आहेत. त्यांपैकी चुनखडीची भेसळ, वाळूची भेसळ व मातीचा विसविशीतपणा हे तीन मातीच्या घडणीचे होत. उरलेले चारही पाण्याशी संबंधित आहेत: जमिनीचा उतार, पाणी आत न शिरू देणारी माती, वाहत्या पाण्याखाली येणारी जमीन, आणि झऱ्यांमुळे वाजवीपेक्षा अधिक ओली राहणारी जमीन.

आजच्या पाणलोट-नियोजकाला उतार, पाणी मुरण्याची क्षमता, प्रवाहाचा मार्ग आणि भूजल वर येण्याची जागा एवढेच हवे असते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या प्रतबंदीच्या कारकुनाने प्रत्येक शेतात फिरून हेच टिपले होते. मात्र त्याने ते सारा कमी करण्यासाठी टिपले. जमिनीत पाणी वर येते ही गोष्ट त्याच्या लेखी दोष ठरली, आणि आकारणी ठरल्यावर त्या खुणांचे काम संपले.

त्याच सुमारास मुंबईत मोल्सवर्थ आपल्या शास्त्रीमंडळींसह मराठीचा कोश रचीत होता. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. महसूल मोजणीची घडण याच दोन सालांच्या मध्ये झाली. एकाच सरकारच्या आश्रयाने एकाच भूमीची दोन दप्तरे सिद्ध होत होती. एकात रेषा व आकडे, दुसऱ्यात शब्द. त्यांची गाठ कधी पडली नाही. कोशकारांनी शेतकी व पाण्याचे शब्द उदारपणे घेतले, परंतु ते कोणत्या शिवारातले हे सांगणे कोशाचे काम नव्हते. मोजणीदारांनी शिवार दाखविले, परंतु त्याला क्रमांक दिला. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने जेथे जेथे गटवारी झाली तेथे जुने सर्व्हे नंबरही गेले व जुन्या पट्ट्या एकमेकींत मिसळल्या. ज्या बांधांनी नावे धरून ठेवली होती ते बांधच मोडल्यावर नावांनी कशाला चिकटून राहावे?

स्थलदर्शक नकाशांनी पाण्याच्या रेषा प्रथमच सलगपणे दाखविल्या. एका इंचास एक मैल या प्रमाणाचे, व दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर १ : ५०,००० प्रमाणाचे हे नकाशे आजही प्रत्येक पाणलोट आराखड्याच्या तळाशी असतात. त्यांतील निळ्या रेषा ओढ्यानाल्यांच्या आणि तपकिरी रेषा समान उंचीच्या. पण या समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटरांचे असते. दख्खनच्या सपाट पठारावर दोन रेषांमध्ये एखाद्या गावाचे सगळे शिवार मावू शकते. त्यातील चढउतार नकाशाला अज्ञातच राहतात. १९४२ च्या जमीन-सुधारणा कायद्यानंतर समतल बांधबंदिस्तीची जी कामे झाली, ती म्हणूनच नकाशावरून आखता येण्यासारखी नव्हती. ती जागेवर जाऊन, तपासणी यंत्र लावून, बांध फिरत फिरतच आखावी लागली.

१९७२ हे साल या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षीचा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात अजून ताजा आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव ही ती कामे. आणि त्याच पावसाळ्यात, २३ जुलै १९७२ रोजी, पुढे ‘लँडसॅट-१’ या नावाने प्रसिद्ध झालेला अमेरिकी उपग्रह अंतराळात गेला. या दोन घटनांचा त्या वेळी एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पाझर तलावाची जागा ओव्हरसियरची नजर, गावकऱ्यांचा आग्रह आणि मजुरांच्या मुक्कामापासूनचे अंतर यांवरून ठरत होती. काही जागा उत्तम निघाल्या, काही तलाव पहिल्या पावसानंतर महिनाभरात कोरडे पडले. तेही खाली मुरून विहिरींस उपयोगी पडले तर चांगलेच, पण काहींचे पाणी कोठे गेले ते कोणासच कळले नाही.

लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ८० मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे अदमासे दीड एकराचा होता. त्यात विहीर किंवा बांध दिसणे शक्यच नव्हते. त्याचे महत्त्व निराळ्या गोष्टीत होते. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडचा, अवरक्त प्रकाशही तो टिपीत असे. या प्रकाशात पाणी काळे दिसते, कारण ते हा प्रकाश शोषून घेते. जिवंत हिरवे पान उलट लखलखते. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या चित्रात उघड्याबोडक्या माळावरून जाणारा झाडोऱ्याचा एखादा सरळ पट्टा ठळकपणे उठून दिसतो, आणि तेथे खडकात भेग असावी व तिच्यात ओल टिकून असावी असा तर्क करता येतो.

महाराष्ट्रात हा तर्क विशेष मोलाचा आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. या पाषाणात पाणी वाळूप्रमाणे सर्वत्र पसरत नाही. ते भेगांत, थरांच्या सांध्यांत, आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या ठिसूळ खडकात साठते. घट्ट पाषाण मध्ये आला की थांबते. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तर लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर आला त्या भेगा भरून झालेल्या पाषाणाच्या भिंती, म्हणजे भूशास्त्रज्ञांचे ‘डाइक’, मोठ्या संख्येने आढळतात व त्या बहुधा पूर्वपश्चिम धावतात. अशी भिंत भूजलाच्या वाटेत आडवी आली तर वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी आणि खालच्या अंगाला टिपूस नाही, असा प्रकार होतो. जमिनीवरून चालणाऱ्याला ती दगडांची एक रांग दिसते. ती अनेक गावांच्या शिवांतून सलग जाते हे वरून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. कोणतेही गाव आपले शिवार जाणते, शेजारच्या गावाचे थोडेफार; कित्येक कोस लांबीची भिंत कोणत्याच गावाच्या बोलीत एका नावाने येत नाही. उपग्रहाचे श्रेय येथे निःशंकपणे मान्य केले पाहिजे.

पुढील टप्पे थोडक्यात सांगतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९७४ ची. तिच्या केंद्रावर १९७९ पासून उपग्रहाचे संदेश थेट येऊ लागले. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा भारताचा स्वतःचा उपग्रह गेला, आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. इकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेने सारे राज्य सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागले होते व प्रत्येकास खोऱ्याच्या आद्याक्षरांचा क्रमांक दिला होता. भीमा खोऱ्यातील क्षेत्रे ‘बीएम’ या अक्षरांनी सुरू होतात. १९९५ पासून लागू झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सुमारे ५०० हेक्टरांचे लघुपाणलोट हे कामाचे एकक ठरविले. २००५ च्या ‘कार्टोसॅट-१’ ने अडीच मीटरांपर्यंतचा तपशील व दोन कोनांतून घेतलेली चित्रे दिली, त्यामुळे उंचसखलपणाही मोजता येऊ लागला. २००९ साली ‘भुवन’ हे संकेतस्थळ खुले झाले. २०१५ पासून युरोपचा ‘सेंटिनेल-२’ दहा मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य देत आहे. क्षेत्र दीड एकरावरून एका गुंठ्यावर आले, म्हणजे विंगेटच्या साखळीच्या एका चौरसावर, असे म्हणावयास हरकत नाही.

आता संगणकावरील नकाशाने पाण्याची वाट कशी ठरते ते पाहू, कारण शब्दांचा प्रश्न नेमका तेथे उद्भवतो. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाची उंची नोंदविलेली असते. प्रत्येक चौकोनातील पाणी भोवतालच्या आठ चौकोनांपैकी ज्याच्या दिशेने उतार सर्वांत तीव्र त्यात जाते, असे गृहीत धरून गणित चालते. ही रीत ओ’कॅलहन व मार्क यांनी १९८४ साली मांडली. या गणिताला एक अडचण येते. एखादा चौकोन भोवतालच्या आठांहून खोल असेल तर पाणी त्यातून बाहेर पडत नाही व प्रवाहाची रेषा तुटते. म्हणून गणित सुरू करण्यापूर्वी असे सर्व खळगे भरून सपाट करण्याचा प्रघात आहे. खळगे पुष्कळदा मापनातील चुकाच असतात, हे खरे. परंतु सगळे तसे नसतात. देशावर ज्याला लवण म्हणतात, जेथे पाऊस उघडल्यावरही आठ दिवस पाणी तुंबते. पूर्व विदर्भात जिला बोडी म्हणतात. एखादे बुजत आलेले गावतळे, हे सारे खळगेच होत. पाणी साठविण्याची जागा शोधण्यासाठी मांडलेले गणित, पाणी साठण्याच्या जागा प्रथम पुसून टाकते. जाणते नियोजक त्यांची वेगळी यादी ठेवतात. पण घाईचे आराखडे ज्या संख्येने होतात, त्यांत ती किती ठिकाणी ठेवली जात असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

शिवाय साध्या उपग्रहचित्राला ढगांआडचे दिसत नाही. रडारच्या चित्रांचा अपवाद सोडला तर आराखड्यासाठी वापरली जाणारी चित्रे दिवाळीनंतरची किंवा उन्हाळ्यातील असतात. वाहते पाणी ज्यांनी पाहिले ते गावचे लोक, आणि त्यांनी पाहिलेले जेथे साठले आहे ते ठिकाण म्हणजे भाषा.

मराठीत वाहत्या पाण्याची एक चढती श्रेणी आहे: ओघळ, ओहोळ, ओढा, नदी. कोकणात वहाळ व पऱ्या हे त्याच ओळीतले. हॉर्टन याने १९४५ साली व नंतर स्ट्रॅलर याने प्रवाहांच्या ज्या श्रेणी मांडल्या, त्यांच्याशी हिचे साम्य आहे. मात्र प्रत्येक प्रांतात पायऱ्यांची उंची थोडी निराळी. आपल्या आराखड्यांत मात्र ओघळ, ओहोळ व ओढा या तिघांनाही सर्रास ‘नाला’ म्हटले जाते. सिमेंट नालाबांध ओघळीवर घातला तर पाण्याअभावी उघडा पडतो आणि मोठ्या ओढ्यावर घातला तर गाळाने भरतो. एका शब्दाने किती खर्च होतो, याची ही एक बाजू.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जमिनीतून पाणी बाहेर येते त्या जागेसाठी मराठीत शब्दांची समृद्धी आहे: झरा, पाझर, झिरा, उमाळा, उपळ, आणि नदीओढ्याच्या काठी उकरलेल्या खड्ड्याला बुडकी. सतत ओली राहणारी जमीन चिबड. याउलट पाणी जेथे जमिनीत शिरते त्या जागेला नावच नाही. ‘मुरणे’ व ‘जिरणे’ ही क्रियापदे आहेत, पण त्यांपासून स्थळवाचक नाम घडून शिवारात रूढ झालेले लेखकाच्या आढळात नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतही क्रियापदच आहे. याचे कारण उघड आहे. बाहेर येणारे पाणी दिसते, त्याचा उपयोग होतो, त्यावर तंटे होतात. म्हणून त्याला नाव मिळते. आत जाणारे पाणी कोणी पाहत नाही. ते माळावर, मुरमाड टेपावर, खडकाच्या भेगांवर पडते व नाहीसे होते.

भूजलशास्त्रज्ञ या दोन जागांमध्ये कसोशीने भेद करतात: पुनर्भरणाची जागा वर, निचऱ्याची जागा खाली. जेथे पाणी मुळातच बाहेर येत आहे तेथे चर खणून ते आत जात नाही. चर वर हवेत; खाली हवे असेल तर शेततळे किंवा साठवण. तेव्हा गावची नावे आणि उपग्रहाचे चित्र ही परस्परांची प्रतिस्पर्धी नव्हेत. नावे निचऱ्याच्या जागा दाखवितात. त्या जागांना पाणी कोठून येत असावे हे खडकांचे थर, भेगा व उतार यांवरून काढावयाचे असते, आणि ते चित्राचे व भूशास्त्राचे काम. ही दोन माहितीची अंगे एका कागदावर आणल्यावाचून जागेची निवड अर्धी आंधळीच राहते.

याचा प्रत्यय लेखकाला पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी आला. बोलीच्या पाहणीसाठी विद्यार्थ्यांसह आम्ही तेथे गेलो होतो, व शेतांची नावे विचारण्यास सोयीचा म्हणून शिवाराचा उपग्रहनकाशा छापून नेला होता. त्यावर प्रस्तावित कामांचे ठिपके आधीच होते. एका वृद्ध शेतकऱ्याने ठिपक्यांकडे पाहून विचारले, “मास्तर, हे चर बुडकीच्या पट्टीत घेताय का?” आम्ही म्हटले, “आजोबा, आम्ही काही घेत नाही, आम्ही फक्त नावं लिहितोय. पण बुडकीची पट्टी का म्हणता?” ते म्हणाले, “माझ्या आज्यानं बुडकी काढली होती. शिमग्यापतूर हातानं पाणी घ्यायचो. आता तिथं काही नाही, वर बोअर झाल्या. पण जमीन अजून चिबडच.” नकाशावर ती पट्टी एका सौम्य उताराचा भाग होती, इतर शेतांसारखीच. चर तेथे पडणार होते याचे कारण एवढेच की, उताराच्या टक्केवारीत ती बसत होती. सात-बारावरील स्थानिक नावाचा रकाना अर्थातच कोरा होता.

अशी नावे विनातपास घ्यावीत असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्थलनामांच्या बाबतीत लोकव्युत्पत्तीइतकी फसवी वस्तू दुसरी नाही. पारनेर, संगमनेर, अमळनेर, जामनेर यांतील ‘नेर’ म्हणजे नीर, पाणी, असे पुष्कळजण हौसेने सांगतात. वस्तुतः संस्कृत नगर, प्राकृत णयर, त्यापासून नेर, ही परंपरा ध्वनिनियमांना धरून आहे. आणि पारनेर तालुक्याने किती दुष्काळ पाहिले ते सर्वश्रुत आहे. टाकळी नावाची गावे पुष्कळ आहेत. तेथे टाके होते म्हणावे की टाकळा उगवत होता म्हणावे, हे प्रत्येक ठिकाणी जाऊनच ठरवावे लागेल. गावांची नावे जुनी, झिजलेली व स्थलांतर केलेलीही असतात. पट्ट्यांची, ओघळींची व माळांची नावे त्यामानाने ताजी व पारदर्शक असतात. पाण्याच्या कामास तीच उपयोगी. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात जांभूळ, उंबर व वारूळ यांवरून भूजल ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यांचाही वापर असाच जागेवर पारखून करावा लागेल.

नावे नोंदताना लिपीने केलेला घात वेगळाच. इंग्रजी नकाशांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटरची लिप्यंतरपद्धती स्वीकारली गेली. छापील नकाशांवर तिच्यात ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांचा भेद उरत नाही, आणि ऱ्हस्वदीर्घाचाही नाही. माळ म्हणजे कोरडवाहू, दगडाळ उंचवटा, आणि मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची बागाईत. पाण्याच्या दृष्टीने याहून विरुद्ध अर्थाची जोडी सापडणे कठीण. रोमन लिपीत दोहोंमध्ये शेवटच्या एका स्वरचिन्हाचा फरक राहतो, आणि समासात तोही बेभरवशाचा होतो. तीच गत पाळ व पाल यांची, तळ, तळे व टाळ यांची. आज हीच रोमन नावे यंत्राने पुन्हा देवनागरीत आणली जातात, तेव्हा ‘माल’, ‘पाल’ व ‘तल’ अशी रूपे पडद्यावर उमटतात. चित्राचा ठिपका दहा मीटरांवर आला. त्याच्या शेजारचे नाव शंभर वर्षांपूर्वी जेथे चुकले तेथेच आहे.

पूर्व विदर्भातील तलावांकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही हे पटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी काळातील तलाव हजारोंनी आहेत. त्यांतील अनेक कोहळी समाजाने बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि व्यवस्था विस्कळीत झाली. तेथील बोलीत तलावाची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून जाण्याचे सलंग, अशी प्रत्येक अंगाला संज्ञा आहे. उपग्रहचित्रात तलावाचे पाणी अचूक मोजता येते. दर महिन्यास किती ओसरले तेही. पण ओसरल्या जागेत जे हिरवे दिसते ते काय? ते गाळपेराचे पीक असू शकेल, देवधान असू शकेल, किंवा तलावांचा शत्रू ठरलेले बेशरमाचे झुडूप असू शकेल. चित्राच्या दृष्टीने तिन्ही सतेज पालवी. गाळ काढण्याचा आराखडा करणाऱ्याने यांत फरक न केला तर कोणाचे पीक उखडेल आणि कोणाचे बेशरम राहील, हे सांगता येत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात, म्हणजे २०१५ ते २०१९ या काळात, दरवर्षी पाच हजार गावांचे लक्ष्य होते व कामांची स्थाने छायाचित्रांसह नकाशावर नोंदविली जात होती. पूर्वीच्या कोणत्याही कार्यक्रमाहून हे दप्तर अधिक नेटके. तथापि २०२० साली मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागविणे व भूजलाची पातळी वाढविणे या बाबतींत परिणाम अल्प झाला, असा निष्कर्ष काढला. त्यावर बराच वाद झाला व तो राजकीय होता. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. काम नकाशावर अचूक नोंदविले गेले म्हणजे ते योग्य जागी झाले असे होत नाही, एवढेच येथे प्रस्तुत आहे. अक्षांश-रेखांश काम कोठे झाले ते सांगतात. तेथे का झाले ते सांगत नाहीत. त्या कार्यक्रमाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला.

२०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील बहुतेक निर्बंध उठविले. तेव्हापासून महाविद्यालयातील एखादा विभागही स्वतःचा नकाशा करून प्रसिद्ध करू शकतो. शिवारनामांची नोंद करण्यास भाषाविभागांना यापूर्वी जी सबब होती ती आता उरलेली नाही. नोंद कशी करावी याचा थोडा अनुभव वर सांगितलेल्या गावी आला तो असा. नाव देवनागरीत, सांगणाऱ्याच्या उच्चारानुसार लिहावे. प्रमाण रूप निराळ्या रकान्यात. नाव एका ठिपक्याला न देता ते जेवढ्या जागेचे आहे तेवढ्या जागेची हद्द, सांगणाऱ्याला बांधावर नेऊन, त्याच्यासह चालून आखावी. आणि पाणी कधीपर्यंत टिकते, किंवा टिकत असे, हे विचारावे. इंग्रजी महिना विचारल्यास उत्तर अंदाजी येते. दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत, शिमग्यापर्यंत, पाडव्यापर्यंत असे विचारले म्हणजे नेमके येते, कारण पाण्याची आठवण सणांना बांधलेली असते. गावतळ्याविषयीचे असे उत्तर गेल्या आठदहा वर्षांच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहता येते, व आम्ही एका तळ्यापुरते ते पाहिले. ‘पूर्वी पाडव्यापर्यंत, आता संक्रांतीला तळ दिसतो’ असे तीन निरनिराळ्या घरांत सांगण्यात आले होते. उपलब्ध चित्रांत बहुतेक वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाणी आटलेले दिसले. ‘पूर्वी’चा पाडवा मात्र चित्रांत सापडला नाही. तो या चित्रांच्या आधीचा होता.

बुडकीच्या पट्टीचे नाव आम्ही नकाशावर घातले आणि ती प्रत ग्रामपंचायतीत ठेवून आलो. आजोबांनी ती चष्मा लावून तपासली, आणि विद्यार्थ्याने शेजारच्या शेताचे नाव ‘माळाचं’ असे लिहिले होते ते त्याच्याकडून ‘मळ्याचं’ असे दुरुस्त करून घेतले.